प्रोलॅक्टिन ९६, पाळी नियमित: मॅक्रोप्रोलॅक्टिनचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३२ वर्षांच्या बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. मी हार्मोन तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट आहे. बाईंचं रक्त आमच्याकडे आलं तोवर औषध सुरू होऊन पाच महिने झाले होते. त्याआधीची हकिकत त्यांच्या फायलीतून आणि त्यांच्याशी व त्यांच्या डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून लिहिली आहे.

लग्नाला चार वर्षं झालेली, मूल व्हावं म्हणून दीड वर्ष प्रयत्न चाललेले. पाळी २८ ते ३१ दिवसांनी, चुकली अशी कधी नाही. स्तनांतून स्राव नाही, डोकेदुखी नाही, नजरेची तक्रार नाही. गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी वंध्यत्वाच्या नेहमीच्या तपासण्या लिहून दिल्या. थायरॉईडसाठीचं टीएसएच २.८, म्हणजे ठीक. सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय व्यवस्थित. प्रोलॅक्टिन, म्हणजे स्तनांत दूध तयार करायला लावणारं हार्मोन, मात्र ११८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. गरोदर नसलेल्या स्त्रियांत ते साधारण २५ च्या आत असतं.

मॅडमनी पहिला प्रश्न अगदी योग्य विचारला: सध्या कोणती औषधं चालू आहेत? बाई पित्तासाठी महिनाभर अधूनमधून एक कॅप्सूल घेत होत्या, औषधाच्या दुकानातून सांगून आणलेली. तिच्यात रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन बाहेर पडू न देण्याचं काम डोपामिन हे मेंदूतलं रसायन करत असतं. लेव्होसल्पिराइड, डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड ही औषधं नेमकं डोपामिनचंच काम अडवतात आणि प्रोलॅक्टिन वाढतं. आपल्याकडे पित्ताच्या आणि गॅसच्या कॅप्सूलमध्ये ही औषधं इतक्या सर्रास घातलेली असतात की प्रोलॅक्टिनच्या प्रत्येक वाढलेल्या रिपोर्टवर हा प्रश्न व्हायलाच हवा. कॅप्सूल बंद करून दहा दिवसांनी पुन्हा तपासलं. आकडा उतरला, पण ९६ वरच थांबला.

इथे वाट फुटली

कॅप्सूल बंद होऊनही ९६ म्हटल्यावर पुढची पायरी म्हणून डोक्याचा एमआरआय सांगितला गेला. पिट्यूटरीच्या डाव्या बाजूला ३ मि.मी.चा ठिपका दिसला. रिपोर्टमध्ये ‘मायक्रोअडेनोमाची शक्यता’, म्हणजे पिट्यूटरीची लहान गाठ असू शकते, असं लिहून आलं. आठवड्यातून दोनदा पाव मिलिग्रॅम कॅबरगोलिन, म्हणजे प्रोलॅक्टिन कमी करणारं औषध, सुरू झालं.

घरात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी देवाला नवस बोलला, माहेरची माणसं भेटायला येऊ लागली, ऑपरेशन लागेल का याची चर्चा सुरू झाली. मूल होण्याचा विषय मागे पडला. गोळीने बाईंना मळमळ व्हायची, उठून उभं राहिलं की अंधारी यायची. “गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी कामावर बसवत नाही, डॉक्टर,” असं त्यांनी आम्हाला सांगितलं. प्रोलॅक्टिन हळूहळू उतरत ५८ वर आलं आणि तिथेच राहिलं. डोस दुप्पट करावा का, हे ठरवण्यासाठी मॅडमनी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, पाठवलं.

प्रश्न नेमका काय होता

एंडोक्रिनॉलॉजिस्टनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. डोसच्या प्रश्नाला त्यांनी हातच घातला नाही. फायलीत त्यांना तीन गोष्टी एकमेकींशी जुळेनात, आणि मला वाटतं या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम त्या वाचनातच झालं.

पहिली गोष्ट, पाळी. प्रोलॅक्टिन खरोखर वाढलं की ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून ठरावीक अंतराने सुटणाऱ्या जीएनआरएच या हार्मोनला दाबतं. मग अंडाशयाला चालना देणारे एलएच, एफएसएच हे हार्मोन कमी होतात आणि बीज तयार होणं अडतं. खरं प्रोलॅक्टिन शंभराच्या आसपास असेल तर पाळी बहुधा बंद होते किंवा फार लांबते. या बाईंची पाळी एकदाही लांबली नव्हती.

दुसरी गोष्ट प्रोजेस्टेरॉन. कॅबरगोलिन सुरू होण्याच्या आधीच्या पाळीत, २१ व्या दिवशी, मॅडमनी ते तपासून घेतलं होतं आणि ते १३ नॅनोग्रॅम आलं होतं. त्या महिन्यात बीज सुटल्याचा तो स्पष्ट पुरावा. त्याच नळीतल्या रक्तात प्रोलॅक्टिन ९८ होतं. एका रिपोर्टच्या एकाच पानावर, खाली-वर छापलेले हे दोन आकडे खरं तर एकमेकांना खोटं पाडत होते.

तिसरी गोष्ट बाईंच्या यजमानांनी केली होती. एमआरआयच्या आधीच्या आठवड्यात, मनाची खात्री म्हणून, त्यांनी शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा रक्त दिलं होतं. तिथे प्रोलॅक्टिन ४४ आलं. घरच्यांनी निष्कर्ष काढला की दोघांपैकी एक लॅब चुकीची. उपचारासाठी मोठा आकडा धरला गेला आणि ४४ चा कागद फायलीच्या तळाशी गेला. प्रोलॅक्टिन दिवसभर वरखाली होतं, सुई टोचण्याच्या भीतीनेही थोडं वाढतं, हे खरं. पण एकाच आठवड्यात, औषध नसताना, दोन कंपन्यांच्या किटमध्ये दुपटीहून जास्त फरक पडला तर तो फरक हीच माहिती असते.

यंत्र काय मोजतं

इथे थोडं थांबून मोजणीची रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे.

रक्तातलं बहुतेक प्रोलॅक्टिन हे १९९ अमिनो आम्लांचं, सुमारे २३ किलोडाल्टनचं छोटं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीरात या प्रोलॅक्टिनविरुद्ध आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं, म्हणजे एखाद्या पदार्थाला ओळखून चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. प्रोलॅक्टिन त्यांना चिकटलं की १५० किलोडाल्टनहून मोठा गोळा बनतो. तेच मॅक्रोप्रोलॅक्टिन. एवढा गोळा मूत्रपिंडातून सहज निघून जात नाही, म्हणून रक्तात साचत राहतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतून तो सहज बाहेरही पडत नाही, त्यामुळे पेशींपर्यंत पोहोचून काम करणं त्याला जवळपास जमत नाही. रक्तात भरपूर, पण शरीरावर परिणाम नगण्य.

आजच्या यंत्रांत दोन प्रतिपिंडं वापरतात. एक हार्मोनला एका बाजूने धरून ठेवतं, दुसरं दुसऱ्या बाजूला चिकटतं आणि त्याच्यावरच्या खुणेचा प्रकाश मोजला जातो. प्रोलॅक्टिन सुटं आहे की गोळ्यात अडकलेलं, हे त्यांना कळत नाही. गोळ्यातही दोन्ही जागा उघड्या असल्या तर तेही मोजलं जातं. प्रत्येक कंपनीचं प्रतिपिंड प्रोलॅक्टिनचा वेगळा भाग धरतं, म्हणून एका किटला मॅक्रोप्रोलॅक्टिन जास्त दिसतं आणि दुसऱ्याला कमी. ९६ आणि ४४ या दोन्ही आकड्यांत कुणाचीही हलगर्जी नव्हती.

या क्षेत्रात काम करणाऱ्याला एक इतिहास इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी दाखवलं की इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनला बांधून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. त्या काळी हे कुणाला पटेना. त्यांचा शोधनिबंध आधी नाकारला गेला होता. त्याच निरीक्षणातून त्यांनी प्रतिपिंडांच्या मदतीने हार्मोन मोजण्याची रीत घडवली. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. म्हणजे ‘रुग्णाच्या रक्तात हार्मोनला धरून बसणारं प्रतिपिंड असू शकतं’ हे ज्ञान हार्मोन मोजणीच्या पायातच आहे. रोजच्या कामात मात्र ते फार लवकर विसरलं जातं. वाढलेल्या प्रोलॅक्टिनच्या शंभर नमुन्यांत साधारण १० ते २५ नमुन्यांत, किटनुसार कमी-जास्त, वाढीचं मुख्य कारण मॅक्रोप्रोलॅक्टिन असतं. हे दुर्मीळ नाही.

कोणते पर्याय होते

डोस वाढवणं हा एक पर्याय होताच. कॅबरगोलिनने पिट्यूटरीतून येणारं प्रोलॅक्टिनच कमी होतं, त्यामुळे मॅक्रोप्रोलॅक्टिनही काही प्रमाणात उतरतं. ९६ वरून ५८ ही घट पाहून ‘औषध लागू पडतंय’ असं कुणालाही वाटलं असतं. पण उतरलेला आकडा निदान सिद्ध करत नाही, आणि बाईंना गोळी सोसत नव्हती. हा पर्याय पहिल्यांदा बाद झाला.

एमआरआय पुन्हा करणं हा दुसरा. त्यातून काही हाती लागणार नव्हतं. पिट्यूटरीत असे लहान ठिपके काहीही त्रास नसलेल्या माणसांतही, सुमारे दहात एकाला, सापडतात. ठिपका आहे आणि आकडाही मोठा आहे, एवढ्यावर दोघांचं नातं जोडता येत नाही.

बायोटिन या जीवनसत्त्वाचा प्रश्न मी उपस्थित केला, कारण बाई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत होत्या. अनेक किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांची जोडी वापरलेली असते आणि रक्तात बायोटिन जास्त झालं की निकाल बिघडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पण प्रोलॅक्टिनसारख्या दोन प्रतिपिंडांच्या तपासणीत बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो, जास्त येत नाही. म्हणजे आमच्या कोड्याचं ते उत्तर नव्हतं. तरीही पुढच्या नमुन्याआधी तीन दिवस गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या.

उरला पीईजीचा पर्याय. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं २५ टक्के द्रावण आणि रक्ताचा सीरम समप्रमाणात मिसळायचा, थोडा वेळ ठेवून सेंट्रिफ्यूज करायचा. मोठी प्रथिनं तळाशी बसतात. वरच्या निवळीत प्रोलॅक्टिन मोजून, पातळ झाल्याबद्दल दोनने गुणायचं. मूळ आकड्याच्या ४० टक्क्यांहून कमी उरलं तर बहुतांश मॅक्रोप्रोलॅक्टिन, ६० टक्क्यांहून जास्त उरलं तर बहुतांश सुटं प्रोलॅक्टिन. मधला पट्टा संदिग्ध. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी जेल फिल्ट्रेशन क्रोमॅटोग्राफी जास्त नेमकी, पण ती वेळखाऊ, महाग आणि नेहमीच्या प्रयोगशाळेत नसते. पीईजीला लागणारं रसायन स्वस्त आहे आणि ज्या यंत्रावर प्रोलॅक्टिन मोजतो त्याच यंत्रावर काम होतं.

अडचण वेगळीच होती. बाई कॅबरगोलिनवर होत्या. औषध चालू असताना पीईजी केलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन आहे का ते कळेल, पण सुटं प्रोलॅक्टिन औषधाने दबलेलं असणार. औषधाआधी ते वाढलेलं होतं का, हा प्रश्न तसाच राहील. आणि तो महत्त्वाचा आहे: मॅक्रोप्रोलॅक्टिन असलेल्या माणसाला खरा प्रोलॅक्टिनोमाही, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी पिट्यूटरीची गाठही, असू शकतो. जुना नमुना शिल्लक असता तर काम सोपं झालं असतं, पण सीरम इतके महिने कुणी ठेवत नाही.

औषध थांबवून तपासावं का, यावर एंडोक्रिनॉलॉजिस्ट आणि मी बराच वेळ बोललो. धोक्याचा हिशेब त्यांनी मांडला. समजा ठिपका खरोखर प्रोलॅक्टिनोमा आहे. ३ मि.मी.ची गाठ दोन महिन्यांत नजरेला धोका होईल इतकी वाढत नाही. फार तर पाळी लांबेल आणि ते लगेच कळेल. उलट औषध विनाकारण चालू असेल तर त्याची किंमत बाई रोज मोजत आहेत. चुकलंच तर कोणत्या बाजूने चुकणं परवडेल, याचं उत्तर त्यातून मिळालं.

काय केलं

दोन टप्पे ठरले. पहिला नमुना औषध चालू असतानाच घेतला. एकूण प्रोलॅक्टिन ५८. पीईजीनंतर दोनने गुणून ३.८. म्हणजे जेमतेम ७ टक्के उरलं. बरोबरीने दोन तुलनेचे नमुने लावले होते, एक निरोगी स्त्रीचा आणि एक खऱ्या प्रोलॅक्टिनोमाच्या रुग्णाचा. ते अपेक्षेप्रमाणे आले. हे लावणं गरजेचं असतं, कारण पीईजी काही यंत्रांच्या मोजणीत स्वतःच अडथळा आणतं आणि थोडं सुटं प्रोलॅक्टिनही खाली ओढतं.

मॅक्रोप्रोलॅक्टिन असल्याचं स्पष्ट झालं. शिवाय ३.८ हा आकडा सांगत होता की औषधाने खरं प्रोलॅक्टिन गरजेपेक्षा खाली गेलं आहे. त्याच आठवड्यात कॅबरगोलिन बंद केलं. बाईंना समोर बसवून एंडोक्रिनॉलॉजिस्टनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि पाळी लांबली किंवा स्राव दिसला तर लगेच फोन करा असं सांगितलं.

आठ आठवड्यांनी दुसरा नमुना. एकूण प्रोलॅक्टिन ९४, पीईजीनंतर ११.८, साडेबारा टक्के. आमच्या यंत्रावर निरोगी स्त्रियांचे नमुने पीईजीने तपासून आम्ही वरची मर्यादा आधीच ठरवून ठेवली होती. ११.८ तिच्या आत आरामात बसतं. माझ्या मते हा आकडा टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे. एकूण प्रोलॅक्टिन ३०० असेल आणि १५ टक्के उरलं, तर टक्केवारी मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणेल. पण उरलेलं ४५ तरीही वाढलेलंच असेल.

एक शंका शिल्लक होती. पीईजी सगळ्याच प्रतिपिंडांना खाली बसवतं, त्यामुळे किटमधल्या प्रतिपिंडांना आडवी येणारी हेटरोफाइल प्रतिपिंडंही अशीच फसवू शकतात. ती अडवणाऱ्या नळीतून नमुना घालून पुन्हा मोजला. आकडा बदलला नाही. मॅक्रोप्रोलॅक्टिनचं निदान आणखी पक्कं झालं. तसा, दोन्हींपैकी काहीही असतं तरी उपचाराचा निर्णय तोच राहिला असता.

निष्पत्ती

औषधाशिवाय पाळी आधीसारखीच येत राहिली. मळमळ आणि अंधारी थांबली. ठिपक्याला ‘योगायोगाने सापडलेला’ असं नाव मिळालं. इतर पिट्यूटरी हार्मोन, आयजीएफ-१ आणि सकाळचं कॉर्टिसोल धरून, ठीक होते. वर्षाने केलेल्या एमआरआयमध्ये तो ३ मि.मी.च होता.

मूल न होण्याचं कारण मात्र अजून शोधायचंच होतं. यजमानांची वीर्यतपासणी तोपर्यंत झालीच नव्हती. ती पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. प्रोलॅक्टिनचा मोठा आकडा आला आणि कारण बाईंमध्ये सापडलं असं सगळ्यांनी धरून चाललं. तपासणी झाली तेव्हा शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी निघाली. त्या दोघांवर आता त्या दिशेने उपचार चालू आहेत. हे लिहीपर्यंत गर्भ राहिलेला नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. गोळीचा त्रास गेला, भीतीही ओसरली, पण ३२ व्या वर्षी वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाची जागा ९६ चा रिपोर्ट आणि एमआरआय यांच्या मधली. तिथे पीईजी झालं असतं तर एमआरआय लागलाच नसता, आणि एमआरआय नसता तर ठिपका सापडला नसता. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही लक्षणं नसताना प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन तपासावं असं सुचवलेलं आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मॅडमना मी दोष देणार नाही. त्यांनी औषधांबद्दल विचारलं, आकडा पुन्हा तपासला, थायरॉईड पाहिलं. पीईजी नावाची सोय आहे हे त्यांच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टवर कुठेही छापलेलं नव्हतं. ती जबाबदारी प्रयोगशाळेची आहे.

लक्षणं नसलेल्या बाईंचं प्रोलॅक्टिन मुळात तपासावं का, हाही प्रश्न उरतो. पाळी नियमित आणि बीज सुटत असल्याचा पुरावा असेल तर या तपासणीतून फारसं मिळत नाही. ‘प्रोफाइल’च्या यादीत ते आपोआप येतं म्हणून केलं जातं. एंडोक्रिनॉलॉजिस्टांचं म्हणणं, ते यादीतून काढावं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या की दर वेळी लांबून येणाऱ्या रुग्णाला पुन्हा रक्तासाठी बोलावणं जमत नाही, सगळं एकदम करावं लागतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आमच्याकडे या प्रकरणानंतर एक बदल झाला. प्रोलॅक्टिन वाढलेलं असलेल्या प्रत्येक नव्या रुग्णाच्या नमुन्यावर, डॉक्टरांनी मागितलं नसलं तरी, त्याच सीरमवर पीईजी लावतो आणि रिपोर्टवर एकूण प्रोलॅक्टिन आणि पीईजीनंतरचं प्रोलॅक्टिन असे दोन्ही आकडे देतो. दुसऱ्या मोजणीचा खर्च कुणी सोसायचा यावर व्यवस्थापनाशी वाद झाला; सध्या तो आम्हीच सोसतो. ठरावीक मर्यादेच्या वरच लावावं की प्रत्येक वाढलेल्या नमुन्यावर, याचं एकमत अजून झालेलं नाही.

बाईंच्या फायलीत एंडोक्रिनॉलॉजिस्टनी एक पत्र लावून दिलं आहे. मॅक्रोप्रोलॅक्टिन वर्षानुवर्षं टिकतं, आणि उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन तपासलं तर पुन्हा ९० च्या आसपासचा आकडा येईल. पत्रात त्यांच्या दोन्ही मोजण्या, किटचं नाव आणि एक सूचना आहे: यापुढे प्रोलॅक्टिन मोजायचंच असेल तर पीईजीसह मोजावं, आणि पाळी बिघडली तरच मोजावं.